सर्व्हरचा दुसरा रस्ता

२७ ऑक्टोबर

पुन्हा बंद! दिवाळीची सुट्टी संपली नि हे माझ्या मागे लागलं. रिठद, इंझोरी — आमच्या शेठची दोन्ही खरेदी केंद्रं इथल्या ऑफिसातल्या सर्व्हरला जोडली जाईनात. तिकडे वजनकाट्यावर सोयाबीनच्या गाड्या खोळंबल्यात. इंझोरीचा विकास फोनवर ओरडतोय, "मॅडम, लोकं मले खाऊन राह्यले!" मी काय करू, आरती ओवाळू? लक्ष्मीपूजनाचं कुंकू अजून सर्व्हरवर आहेच.

२८ ऑक्टोबर

सापडलं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये इंटरनेटवर बाहेर जायचे दोन रस्ते आहेत! एक मी घातलेला. दुसरा कुणाचा? केंद्राची विचारणा माझ्या रस्त्याने येते, उत्तर भलत्याच रस्त्याने जाऊन हरवतं. दुसरा पुसून टाकला. केंद्रं सुरू झाली.

२९ ऑक्टोबर

सर्व्हर बंद करून चालू केला — तो रस्ता परत हजर!

आणि मी शहाणी, कैलासचंद शेठना सांगायला गेले. त्यांनी 'बाहेरचा रस्ता' एवढंच ऐकलं. पुतण्या सन्मती शेजारीच बसलेला. "म्हणूनच काकाजी, आपला भाव दुसऱ्या व्यापाऱ्यांले आधीच कळून राह्यला." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. शेठ हळूच म्हणाले, "पौर्णिमा, पासवर्ड तं तुयाच जवळ हाय ना?"

म्हणजे मी चोर. इतकी वर्षं इथे राबले, ती यासाठी.

३० ऑक्टोबर

जेवण गेलं नाही. आईला सांगितलं, ऑफिसातच खाल्लंय.

३१ ऑक्टोबर

आज सर्व्हर ओढून मागे पाहिलं. एक निळी वायर माझी नव्हेच. भिंतीतून वर, थेट शेठच्या घरात, टीव्हीमागच्या वायफायच्या डब्यात! तो डबाच सर्व्हरला दरवेळी आपला रस्ता देत होता.

शेठच्या पत्नी, सूरजबाई, कौतुकाने म्हणाल्या, "अवं, मीच लावली! पूजेच्या दिवशी मशीन पुसाले वायरी काढल्या व्हत्या. हे निळी लोंबत व्हती, अन् एक भोक रिकामं दिसलं."

शेठ हसले. सन्मती हसत म्हणाला, "बाईमाणूस हाय, चालतंच!"

मीही बाईमाणूसच ना? माझं नाही चाललं ते! चोर म्हटल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वायर मीच काढली, मीच भोकावर चिकटपट्टी लावली.

१ नोव्हेंबर

सकाळी लॉगिन होईना. सन्मतीने पासवर्ड बदललाय. नवा सूरजबाईंकडे ठेवलाय — काम पडलं की वर जाऊन विचारायचा. शेठ म्हणाले, "घरच्या माणसाजवळ असलेला बरा."