तीस सकाळी

प्रिय ताई,

मुंगीचा स्कॅन स्वच्छ आला. स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांनी आज सकाळी स्वतः फोन करून सांगितलं. मी पुन्हा विचारलं तेव्हा ते वैतागून म्हणाले, की दोनदा पाहिलंय, तिसऱ्यांदा पाहिलं तरी नसलेली गाठ दिसणार नाही. मुंगी म्हणजे माझ्याकडची अडीच वर्षांची पेशंट. ऑपरेशननंतर तोल जातो, म्हणून भिंतीला हात लावून कडेकडेने वॉर्डभर फिरते; सिस्टरांनी नाव ठेवलं मुंगी. मेंदूच्या मागच्या भागात तीच गाठ, इतकी दुर्मीळ की आपल्या हॉस्पिटलात आठ वर्षांत अशी चारच मुलं आली. पहिल्या दोघांचे फोटो माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. चौथी ही. तिसऱ्याचं तुला सांगायला नको.

तू म्हणशील, रिपोर्ट चांगला आलाय तर हा कुरकुरतो कशाला. कारण आता दिवस मोजणं सुरू झालं. सर्जनने जमेल तेवढं काढलं, औषधांनी उरलेलं पुसलं. आता त्याच जागेवर किरणं द्यायची, तीही लगेच आणि खंड न पाडता. ही गाठ परत यायला फार वेळ घेत नाही. एवढ्या कोवळ्या मेंदूवर सरसकट किरणं सोडता येत नाहीत, नेमक्या लिंबाएवढ्या जागेवर द्यावी लागतात, आणि त्यासाठी पोरीने वीस मिनिटं तसूभरही हलता कामा नये. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, तीस सकाळी तिला भूल देऊन झोपवायचं आणि तीसही वेळा उठवायचं. तुझ्या जुन्या भूल विभागाच्या प्रमुखांनी दुपारी लेखी कळवलं: लहान मुलांसाठी भूलतज्ज्ञ फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. मी वर जाऊन म्हटलं, गाठीला वार कळत नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘मला कळतात ना. माझ्याकडे माणसं किती, तेही कळतं.’ माणूस खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत. खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं.

स्कॅनची वाट न पाहता तीन आठवडे मी भूलतज्ज्ञ शोधतोय. दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलला फोन केला, तर त्यांची यादी दोन महिन्यांची. एकाने सुचवलं, पोर तीन वर्षांची होईपर्यंत थांबा, म्हणजे जरा शहाणी होईल. मी फोन ठेवला आणि टेबलावरचा स्टेपलर भिंतीवर फेकला. तुझा धाकटा अजून तसाच आहे, फक्त आता स्टेपलर स्वतः उचलून जागेवर ठेवतो.

मुंगीचा बाप वेल्डर आहे. भूल देणारं कोणी मिळत नाही हे त्याच्या कानावर गेलं, आणि त्याने आपल्या परीने तोडगा काढला. घरी जेवणाच्या टेबलावर तिला झोपवतो, किरणं देताना तोंडावर जाळीचा मुखवटा बसवतात, म्हणून तोंडावर पिठाची चाळणी ठेवतो आणि आकडे मोजतो. ‘मीही तोंडावर झाकण घालूनच काम करतो,’ असं तिला सांगतो. रोज मला दारात गाठून हिशेब देतो. ‘डॉक्टर, आज अकरा.’ मग, ‘डॉक्टर, आज सतरा.’ मला आधी वाटलं मिनिटं. सेकंद, ताई. आज तेवीस झाले म्हणून तो इतका खूश होता, की मी तो आकडा तिच्या केसपेपरवर लिहून घेतला.

मला तेव्हा माझी हनुवटी आठवली. सायकलवरून पडलो होतो, टाके घालायचे होते, तू बारा वर्षांची. डोक्यापाशी उभी राहून दोन्ही तळव्यांत माझं डोकं धरलंस आणि म्हणालीस, ‘हललास तर नाकही शिवतील.’ मी हललो नाही. पुढे भूल देताना किती पोरांच्या डोक्यापाशी तुला तशीच बसलेली पाहिलं.

आता जे फोनवर तू बोलू देत नाहीस, ते लिहितो. त्या तिसऱ्या मुलाचं नाक वाहत होतं. तू म्हणालीस, आज नको, त्याची सर्दी जाऊ दे. मी सगळ्यांसमोर म्हणालो, गाठ थांबणार आहे का तोवर? आणि दहा मिनिटं तुझ्यामागे लागलो. मग टेबलावर भूल देताना त्याचा घसा आवळून श्वास बंद झाला. तू त्याला परत आणलंस, पण पूर्ण नाही. नवव्या दिवशी तो गेला. चौकशीत विचारलं, सर्दी असताना भूल का दिली? तू म्हणालीस, निर्णय माझा होता. मी शेजारी बसून कागद चाळत होतो, ताई. त्यांत वाचण्यासारखं काहीही नव्हतं. महिन्याभरात तू गुडघे दुखतात म्हणून काम सोडलंस. तुझे गुडघे मला माहीत आहेत. त्यांना काही झालेलं नाही.

तू थांबायला सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही, हे आज मी चौकशी समितीला लिहून दिलं. प्रत सोबत आहे. दोन वर्षं उशीर झाला. तू ये किंवा येऊ नकोस, ते पत्र मी मागे घेणार नाही. आणि आता मागणं. या तीस सकाळी तू येशील का? अधीक्षकांनी बाहेरून माणूस आणायची परवानगी दिली आहे, तुझ्या नावाचा आदेश सहीसकट तयार आहे. तिला शिंक जरी आली आणि तू ‘आज नको’ म्हणालीस, तर मशीन बंद होईल आणि मी तोंडातून शब्द काढणार नाही. सोमवारी सात वाजता मुंगी उपाशीपोटी येईल, रडत असेल, भिंतीला हात लावून त्या खोलीपर्यंत चालेल. डोक्यापाशी स्टूल ठेवायला सांगितलंय. ते रिकामं राहिलं तर आम्ही तिला दूध पाजून परत पाठवू आणि मंगळवारची वाट पाहू, मग शुक्रवारची.

तुझाच,
हनुवटीवर टाके असलेला धाकटा