चौदा पायऱ्या

२ मार्च

जिना. सज्जा. सज्ज्याचे छत्तीस खांब, एकूणएक हाताने तासलेले. पत्र्याचा चंद्र. नायकाची होडी — फक्त डावीकडून उजवीकडे जाणारी. सगळं या दोन हातांचं. कुठे शिकलो नाही, कुणाच्या हाताखाली राबलो नाही.

नेपथ्याची ही यादी सिनेमावाल्यांनी मागितली. आमच्या संगीत नाटकावर सिनेमा होणार! सव्वीस वर्षं चाललंय. शेवटी नायिका गात गात जिना उतरते आणि जमिनीला पाय लागताच नायकाला हो म्हणते. त्या गाण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा येतात. नायिका माझी धाकटी बहीण. पहिल्या प्रयोगापासून तीच.

५ मार्च

सिनेमाचा कलादिग्दर्शक आला. बोट ठेवत पायऱ्या मोजल्या — चौदा. मग खिशातून पहिल्या प्रयोगाचा फोटो काढला.

"काका, यात तर अकराच दिसतात."

"फोटो कडेला कापलाय," म्हणालो. मापाच्या बाबतीत खोटं! मी!

धाकटी पहिल्या रांगेत बसून केस विंचरत होती. ऐकलं असेल?

६ मार्च

वहीत तरी खरं लिहावं.

सहा वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा गेला. कुणाला बोलली नाही. पण एका प्रयोगात सातव्या पायरीवर तिने कठडा धरला — जन्मात न धरणारीने! मी विंगेतून पाहिलं. पुढे वायरिंगसाठी थिएटर महिनाभर बंद होतं, तेव्हा जिना उसवला. सात इंचाच्या अकरा पायऱ्या म्हणजे सत्त्याहत्तर इंच. साडेपाच इंचाच्या चौदा केल्या — सत्त्याहत्तरच. वळण तेच. पायथा तेवढा तेहेतीस इंच पुढे आला. "लाकूड पोकळ वाजत होतं, बदललं," एवढंच तिला सांगितलं.

ती प्रेक्षकांकडे बघत उतरते, पायांकडे नाही. त्यामुळे निभावलं. कठड्याला हात न लावता आली! शेवटचा शब्द आणि शेवटचं पाऊल एकदम पडलं. तीन पायऱ्या वाढूनही चुकलं नाही — याला म्हणतात माप!

तेव्हापासून ज्याला त्याला सांगते, "पन्नाशी उलटली, पण जिना तोच आणि मीही तीच!" त्या वाक्यावर उभी आहे ती. तेच काढून घेतलं तर?

९ मार्च

कलादिग्दर्शक पुन्हा आला. ज्याची भीती होती तेच. मी स्टुडिओत मूळचा जिना बांधायचा. अकरा पायऱ्या, सात इंच. धाकटीने तो उतरून नव्या नायिकेला दाखवायचा. "ताईंचं उतरणंही आम्ही टिपणार, काका. सिनेमा त्यानेच सुरू होईल."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर गाणं बागेत घेऊ. असलं वळण दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

खरं बोलला. छाती फुगली, पण क्षणभरच. शंभर माणसांसमोर, कॅमेऱ्यापुढे — पहिल्याच पायरीला तिला कळेल! गुडघा दुखेल ते वेगळंच.

१० मार्च

घास उतरत नाही. बायको म्हणाली, "जिना गिळल्यासारखे काय बसलात?"

१२ मार्च

कलादिग्दर्शकाला सुचवून पाहिलं — चौदाच ठेवू, कॅमेऱ्यात छान दिसतील. "नाही काका. फोटोत अकरा, म्हणजे अकरा." माणूस माझ्यासारखाच निघाला. मेलो.

१४ मार्च

सकाळी फोन करून नकार कळवला. कारण विचारलं. पाठ धरलीय म्हणालो. दहा दिवसांतलं दुसरं खोटं.

धाकटीला काही बोललो नाही. गाऊ दे नव्या पोरीला बागेत.

१५ मार्च

धाकटी आज माझ्या कारखान्यात आली. फळ्यांच्या ढिगावर बसली.

"दादा, कधी सुरू करतोस?"

"काय?"

"अकरा पायऱ्यांचा जिना. मला त्यांनी सगळं सांगितलंय."

माझ्या हातातला रंधा थांबला.

"असा काय बघतोस? चौदा केल्यास आणि मला कळणार नाही? डोळे समोर असतात रे, पाय काय आंधळे असतात? पहिल्याच दिवशी मोजल्या. संध्याकाळी मास्तरांकडून शेवटच्या ओळीत तीन मात्रा वाढवून घेतल्या. नाहीतर पाऊल जुळलं कसं असतं?"

मास्तर म्हणजे आमच्या वादकांचे प्रमुख. सहा वर्षं रोज भेटतात. चकार शब्द नाही! आणि मी आपला मापाच्या घमेंडीत.

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी खोटं बोलत नाहीस. एकदा बोललास, तेही माझ्यासाठी. ते मोडवेना."

मग म्हणाली, "डॉक्टरांना विचारून आले. गुडघ्याला पट्टा बांधून एकदा उतरायला हरकत नाही. खरा जिना एकदा उतरते, दादा, आणि मग सगळ्यांना सांगते, आता पुरे. तू बांधलेल्यावरूनच उतरायचं होतं शेवटचं."

मी रंध्याचं पातं काढून पुसत बसलो.

१६ मार्च

स्टुडिओला दोनदा फोन केला. "पाठ बरी झाली का, काका? बागेची झाडं उभी राहिलीसुद्धा. गाणं आता तिथेच."

धाकटीला सांगायला उद्या जाणार आहे.

नाकारलेल्या कामाची नोंद: वळणाचा जिना एक. पायऱ्या अकरा, उंची सात इंच. पडद्यावर माझं नाव वेगळ्या ओळीत. उतरणार — माझी बहीण. मजुरी पाच लाख साठ हजार.