मागच्या चाकाची वेडी बाजू

इंदिरानगर, नाशिक
रविवार दुपार (घरातले झोपलेत तोवर)

ती. कलाआत्या हिस,

तेजूचा साष्टांग नमस्कार. खरं तर उजवा कोपर सोलल्यामुळे सध्या सातच अंगं जमिनीला टेकवता येतात, तेव्हा हा सप्तांग नमस्कार गोड मानून घे. आठवं अंग खपली धरली की मागून पाठवते. तुझी शुगर, तुझी कंबर, दारातली गाय आणि योगेशदादाचा स्वभाव यांत काही सुधारणा आहे का ते कळव. (गाईचं आधी कळव, तिथे आशेला जागा आहे.) कांद्याचा भाव विचारत नाही. लासलगावात भाव चढला तरी लोक रडतात आणि उतरला तरी रडतात, आणि त्यात बिचाऱ्या कांद्याचा काही दोष नसतो.

आता पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं की योगेशदादा ते जेवताना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. मला सासूबाईंविषयी लिहायचं आहे, आणि ते भाकरीबरोबर वाचण्यासारखं नाही. बाकी आमच्याकडे क्षेम आहे. क्षेम म्हणजे कुणाचं हाड मोडलेलं नाही, इतपतच.

मयूरने लग्नानंतर पोट सुटलं म्हणून गिअरची सायकल घेतली होती, ती तू पाहिली आहेस. पोट अजून आहे, सायकल गॅलरीत होती. यंदा स्कूटी मयूरच्या ताब्यात गेली (त्याची मोटरसायकल गॅरेजमध्ये आहे, आणि गॅरेजवाला गावी आहे), म्हणून ती सायकल काढून मी अंबडला कारखान्यात जायला लागले. गिअर पुष्कळ होते, पण ते माझ्या मर्जीने न पडता त्यांच्या मर्जीने पडायचे. बोगद्याच्या चढावर चेन अशी उडी मारायची की मागून येणारे रिक्षावाले आधी हसायचे आणि मग हॉर्न वाजवायचे. एकदा भर चौकात चेन उतरली. ती चढवून, दोन्ही हात काळे करून कामावर गेले, तर आमच्या साहेबांनी विचारलं की आज तपासणी विभागाऐवजी भट्टीवर ड्युटी आहे का.

आमच्या वरच्या मजल्यावर सनी नावाचा तरुण राहतो. तो घरून कॉम्प्युटरचं काम करतो, म्हणजे दिवसभर पार्किंगमध्ये असतो. त्याची सायकलची चड्डी इतकी घट्ट असते की सासूबाई त्याच्याशी आभाळाकडे बघूनच बोलतात. त्याने माझी सायकल पाहिली आणि नाडीपरीक्षा केल्यासारखा चेहरा करून सांगितलं, की दोष सायकलीत नाही, गिअरमध्ये आहे. गिअर म्हणजे मनाची दुर्बलता. सगळं काढून टाका, पुढे एक चक्र, मागे एक चक्र, मध्ये चेन, बस. मला ते पटलं. (कुणी काही काढून टाकायला सांगितलं की मला पटतं. माळा असाच रिकामा झाला होता आणि त्यात मयूरची दहावीची मार्कशीट गेली.)

सनीने कुठूनसं एक मागचं चाक आणलं. त्या चाकाची गंमत नीट समजून घे, कारण पुढचं सगळं रामायण तिथून आहे. त्याला दोन बाजू. एका बाजूला आपल्या नेहमीच्या सायकलीसारखं फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक आपलं फिरत राहतं. दुसऱ्या बाजूला नुसतं दातेरी चक्र, चाकाला घट्ट बसवलेलं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायडल फिरतंय तोवर तुमचे पाय फिरणार. तुमची इच्छा कुणी विचारत नाही. (मी एकत्र कुटुंबात नांदलेली असल्यामुळे मला ही रचना नवीन वाटली नाही.) चाक काढून उलटं बसवलं की बाजू बदलते. पहिल्या बाजूला मी शहाणी म्हणायला लागले आणि दुसरीला वेडी.

एका सुट्टीच्या सकाळी आम्ही पार्किंगमध्ये सायकल उलटी करून बसलो. पुढचं आणि मागचं चक्र अगदी एका रेषेत हवं, नाहीतर चेन तिरकी चालते आणि करकरते. रेषेचं मला समजतं. बेअरिंग तपासण्यातच आयुष्य चाललंय, तेव्हा वायसर घालून घालून ती रेष मी आणली. पण चेनच्या ताणाने जीव घेतला. मागचं चाक खाचेत मागे ओढायचं, चेन बोटाने दाबली तर थोडीशीच हलेल अशी धरायची, आणि त्याच वेळी दोन्हीकडचे नट आवळायचे. याला तीन हात लागतात. तिसरा हात मयूरचा होता आणि तो मोबाइलवर मॅच बघत होता. शिवाय चक्र पूर्ण गोल नसतंच, त्यामुळे एका जागी चेन बरोबर वाटली की अर्ध्या फेऱ्याने ती लोंबायची. तिथे नीट केली की पहिल्या जागी ताठ. सासूबाईंना आम्ही हात धरून खाली आणून तिथे खुर्चीवर बसवलं होतं, उन्हासाठी. त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "सुनेसारखी हाय. ढिली सोडली तर घसरती, ताणली तर कुरकुरती."

मी पाना खाली ठेवला आणि चहा करायला वर गेले.

सासूबाईंचं तुला सांगायचं राहिलं. सासरे गेल्यापासून आणि गुडघे धरल्यापासून त्या एकट्या घराबाहेर पडतच नव्हत्या. मयूर त्यांना काचेच्या बरणीसारखा जपायचा. जिना उतरायचा नाही, ओट्याशी उभं राहायचं नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायचा. पुण्याहून तृप्ती, म्हणजे माझी नणंद, रोज फोन करून त्यात भर घालायची, आणि आता तर आईला कायमचीच पुण्याला घेऊन जाते, तिथे अकराव्या मजल्यावर छान हवा येते, असं तिचं चाललं होतं. आत्या, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मला त्याचं फार वाईट वाटत नव्हतं. दिवसभर टीव्हीवरच्या सुना आणि त्यांच्याशी माझी तुलना, यातून कानांना जरा सुट्टी मिळाली असती.

तर सायकल झाली. सनीने आग्रह करून वेडी बाजू लावली आणि वर ब्रेकही काढून ठेवले. ब्रेक म्हणजे रस्त्यावरचा अविश्वास, असं त्याचं म्हणणं. पायाला उलटा जोर दिला की थांबते, म्हणाला. मी कोथिंबीर आणायला निघाले. सपाटीवर फारच सुंदर. पुढे देवळाकडचा उतार लागला आणि सवयीने मी पाय थांबवले. पाय थांबले नाहीत. सायकलीने मला सीटवरून उचललं आणि पुन्हा सीटवर आदळलं, मुसळाने उखळात करावं तसं. खाली चौकातल्या देवळाला मी एक फेरी मारली, वेग उतरेना म्हणून दुसरी मारली, आणि तिसरीला पुजारीकाका भक्तिभावाने बाहेर येऊन उभे राहिले. चौथ्या फेरीला त्यांनी चालत्या सायकलवर माझ्या हातात साखरफुटाणे ठेवले. पाचवीला म्हणाले, नवस मोठा दिसतो. शेवटी उलटा जोर देऊन थांबले ती थेट कोथिंबीरवालीच्या टोपलीत. घरी आल्या आल्या दोन्ही ब्रेक लावले, चाक फिरवून शहाणी बाजू घातली आणि सनीला म्हटलं, अविश्वास तर अविश्वास.

त्यानंतर महिनाभर सायकल गुणी लेकरासारखी चालली. चेनला तेल घालायचं, जुनं पुसून मगच घालायचं, नट बघायचे, बास. आणि मग गेल्या आठवड्यात मी पहिल्या पाळीवरून घरी आले (त्या दिवशी कारखान्याची बस मिळाली होती) तर दाराला कुलूप. सासूबाई नाहीत. पार्किंगमध्ये सायकल नाही. आधी मला या दोन गोष्टींचा संबंध लागला नाही. सायकल चोरीला गेली आणि सासूबाई देवळात गेल्या, असं मी धरून चालले. मयूर ऑफिसमधून धावत आला. तृप्तीने पुण्यातून फोनवर शोधमोहिमेची सूत्रं हाती घेतली आणि नाशिकमधल्या ज्या ज्या रस्त्यांची नावं तिला आठवत होती तिथे आम्हाला पाठवायला लागली. (त्यातला एक रस्ता आता राहिलेलाच नाही.) तेवढ्यात सनी जिन्यात भेटला आणि घाबरत घाबरत म्हणाला, की सकाळी त्याने फेरी मारायला माझी सायकल नेली होती, चाक फिरवून वेडी बाजू लावली होती, आणि परत फिरवायचं राहिलं.

आम्ही तिघं स्कूटीवरून निघालो. जॉगिंग ट्रॅकजवळ गर्दी दिसली. गर्दीच्या पुढे, साडीचा काचा मारून, पदर कमरेला खोचून, सासूबाई सायकल चालवत होत्या. संथ नव्हे, चांगल्या जोरात. पाय सारखे फिरत होते आणि चेहरा असा होता की मला वाटलं, संपलं, यांना थांबता येत नाहीये. मयूर बाजूने पळायला लागला आणि "आई, ब्रेक, ब्रेक" करत होता. सनी दुसऱ्या बाजूने पळत, मागे जोर द्या, मागे जोर द्या, असं सांगत होता. मी सनीच्या मागे. त्याचा पाय मुरगळला, तो पडला आणि मी त्याच्यावरून. कोपर तिथे सोलला. त्या अवस्थेत मी मान वर करून पाहिलं तर सासूबाई वळण घेऊन परत आल्या होत्या. आमच्याजवळ येताना त्यांनी पाय जरा आवळले, ब्रेकला हात न लावता सायकल हळू केली आणि म्हणाल्या, "मला थांबता येतंय रे. थांबायचं नाय."

आणि पुढे गेल्या.

मग आम्ही कडेला बसून राहिलो. तृप्ती फोनवरून सापडली का, सापडली का विचारत होती आणि मयूर फोन कानापासून लांब धरून आईकडे बघत होता. सासूबाई पोटभर फिरून स्वतःच आल्या, उतरल्या, घाम पुसला. तेव्हा कळलं ते असं. दिंडोरीकडे त्यांच्या माहेरी वडिलांची एकच सायकल होती. तिचं फ्रीव्हील झिजून दोन्ही दिशांना नुसतंच फिरायला लागलं, नवीन आणायला कुणाला सवड नव्हती, म्हणून वेल्डिंगवाल्याने ते डागून घट्ट करून टाकलं. त्याच सायकलवर त्या शिकल्या, शाळेत गेल्या, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन आल्या. लग्न झाल्यावर सायकल माहेरी राहिली आणि नंतर कुणी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही. सायकल म्हणजे अशीच असते, असं त्या इतकी वर्षं समजत होत्या. शहाणी बाजू त्यांनी त्याआधी दोनदा गुपचूप पार्किंगमध्ये चालवून पाहिली होती, पण पाय थांबले तरी सायकल पुढे जाते हे त्यांना लबाडीचं वाटलं. त्या दिवशी आम्ही कामावर गेल्यावर पुन्हा खाली आल्या, पायडल मागे ढकलून पाहिलं, तर ओळखीचं निघालं.

गुडघे दोन दिवस भोपळ्यासारखे सुजले. डॉक्टर आधी खूप ओरडले आणि मग म्हणाले, कमी चालवा, पण चालवा. तिसऱ्या दिवशी तृप्ती गाडी घेऊन हजर. आईची बॅग तिनेच भरायला घेतली. आम्हाला आई सांभाळता येत नाही, असं ती मला न म्हणता कपाटाला म्हणाली. मयूर तर आता गुडघ्यांना घाबरून तिच्याच बाजूला झुकला होता. मी स्वयंपाकघरात होते. गप्प बसले असते तर घर शांत झालं असतं, आणि खरं सांगते, मी चपात्या लाटत तेवढाच विचार करत होते. पण चपाती करपली तरी माझं लक्ष गेलं नाही. मी बाहेर आले आणि म्हटलं, वन्सं, आईंना विचारलंय का कुणी.

सासूबाईंनी तृप्तीला एवढंच विचारलं, "तुझ्या लिफ्टमधी सायकल मावती का?"

तृप्तीने सांगितलं की सोसायटीत लिफ्टमध्ये सायकल न्यायला परवानगी नाही. सासूबाई म्हणाल्या, मग राहू दे. तृप्ती रडली, मग तिने बॅग रिकामी केली, मग करपलेली चपाती लोणच्याबरोबर खाल्ली आणि जाताना मला मिठी मारली. (मिठीत थोडी चीड होती, पण मिठी होती.)

आता रोज सकाळी सासूबाई सायकलवरून भाजी आणतात. टीव्ही बंद असतो, त्यामुळे टीव्हीवरच्या सुनांशी तुलना थांबली आहे. आता जॉगिंग ट्रॅकवरच्या सुनांशी होते. सीट खाली केली, पुढे बास्केट बसवलं. सनी त्यांना गुरू मानतो आणि त्या अजून आभाळाकडे बघूनच शिकवतात. मी मात्र रिक्षाने कामाला जाते. सायकलीचं खूळ माझ्या डोक्यातून साफ गेलं आहे, एकदा सुटले ती सुटले.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, गाईला गोंजार.

तुझीच,
तेजस्विनी

ता. क. मामांची काळी सायकल गोठ्यामागे तशीच आहे ना? (देव मामांना तिथेही बाजार समितीचं राजकारण देवो.) तू ती कुणाला देत नाहीस हे मला ठाऊक आहे. मी फक्त सांभाळायला म्हणून मागते आहे. कांद्याचं एखादं वाहन नाशिकला येत असेल तर वर टाकून पाठव. आणि हो, तिचं फ्रीव्हील जाम झालं असेल तर कृपा करून दुरुस्त करून पाठवू नकोस.

आणखी ता. क. (हे अक्षर माझं हाय, सुनेचं नाय.) कलाबाई विहीणबाईंना सगुणाबाईचा नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. नुसती सायकल पाठवू नका. तिच्याबरोबर तुम्ही या, राहायलाच या. ट्रॅकवर सगळ्या तरण्या बायका हायेत, माझ्या वयाचं बोलायला कोण नाय. गुडघे दुखतात हे तिथे बसून सांगू नका, इथे येऊन सांगा. येताना नऊवार आणा, सहावार चेनमधी जाती.