पपईच्या चिकाचं औषध

आबा, तुमचा आवाज आता नीट आठवत नाही. तुमचं एखादं वाक्य मनाशी म्हणून पाहावं लागतं, आणि नेमकं तेच ओठांवर येतं, "पोट हलकं झालं की गं पोरी." ते ऐकलं की मला जगणं नको होतं. तुमच्या पोटात गाठ वाढत होती आणि मी तुम्हाला पाचक पाजत होते.

सत्तरच्या दशकातली ती वर्षं. औषधांचा डिप्लोमा करून मी नुकतीच शहरातल्या एका मेडिकलमध्ये लागले होते. तुम्ही शिरोलीच्या फौंड्रीतून, लोखंडाच्या ओतकामावरून यायचात, ताटावर बसायचात आणि दोन घासांत हात आखडायचात. एका रविवारी आई जून मटणाला कच्ची पपई चोळत होती. मी शहाणपणानं सांगितलं, मांस मऊ करणारा जो अंश या चिकात असतो, त्याचंच औषध आमच्याकडं मिळतं, जेवणानंतर दोन चमचे घ्यायचं. तुम्ही खदखदून हसलात. "म्हंजे भायेर बोकड शिजतंय, तसं आत बी शिजणार म्हण की!" दुसऱ्याच दिवशी मी बाटली आणली, आणि दुर्दैव असं की गुण आला. ढेकर कमी झाले, जडपणा गेला, तुम्ही रस्सा पुन्हा मागून घेऊ लागलात. फौंड्रीतल्या सगळ्यांना माझं कौतुक ऐकवलंत. आई तेवढी म्हणायची, "जेवण जातंय न्हवं? मग अंगाला का लागंना?" मी तिच्यावर खेकसले, "तुला यातलं काय कळतं?" तुमच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, तरी मी चौथी बाटली आणली.

मग काळी उलटी झाली. मोठ्या दवाखान्यात पोट उघडलं आणि तसंच शिवलं. खाटेवरून तुम्ही सर्जनना सांगत होता, "पोरीच्या औषधानं एवढं दिस निभावलं बघा, सायेब." त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि ते पुढच्या खाटेकडं वळले. चारचौघांत मला फाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

औषध खोटं नव्हतं, आबा. जड जेवण झालं, पोट फुगलं, तर अजूनही अनेकांना त्यानं बरं वाटतं. गिऱ्हाईक मागतं, मी देते. आधी विचारते, वजन उतरलंय का, किती दिवस त्रास आहे. लोक वैतागतात. त्यातल्या कुणाचं भलं झालं तरी तुम्ही काही परत येत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. पहिली बाटली आणली त्या दिवशी मी आपल्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, आधी पोटाचा फोटो काढून घ्या. मी घरी कुणालाच सांगितलं नाही. तुम्ही घाबराल म्हणून, असं मी इतकी वर्षं स्वतःला बजावत आले. ते खरं नाही. तुम्ही डॉक्टरांच्या नव्हे, माझ्या हातानं बरं व्हावं, असं मला वाटत होतं.