जावईबापूंनी न घेतलेलं पाणी

खालापूरच्या घरी गळ्यातली शिट्टी खुंटीला टांगून दोन घटका बसले असतील अशा जावईबापू रूपेशराव यांना, पळसदरीहून सासू पारूबाईचा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. (सासूने जावयाचं नाव घेऊ नये. ते पत्र लिहिणाऱ्या नातीने, हर्षलेने, आपल्या मनाने घातलंय. माझ्या तोंडून ते गेलेलं नाही, हे ध्यानात असावं.)

तुमची कंबर कशी आहे? आमच्या सोनालीचा खोकला गेला का? तिला सांगा, अडुळशाचा काढा कडू लागतो म्हणून खोकला थांबत नसतो. माझं विचाराल तर दोन्ही गुडघे आहेत तिथेच आहेत आणि त्यांना सोडून मला कुठे जाता येत नाही, म्हणून आम्ही तिघं दिवसभर ओटीवर बसून असतो. दमलोय तिघंही.

फोनच केला असता, पण हर्षला म्हणते की रविवारच्या सामन्यात तुम्ही पंच होतात त्यावरून तुमची चौकशी लागलीय आणि ती संपेपर्यंत संघाच्या माणसांनी पंचांशी फोनवर बोलायचं नाही असा नियम आहे. मी विचारलं, पत्राचं काय लिहिलंय त्या नियमात? तर म्हणे काहीच नाही, पत्र आता लिहितं कोण! म्हटलं, मग घे कागद. धाऊच्या टेंपोतून काकड्यांच्या करंडीत हे पत्र येईल. काकड्या सोनालीच्या, पत्र तुमचं. मी बोलते आणि नात लिहिते, आणि पत्र जावयाला जायचं म्हणून माझी भाषा धुऊन, पिळून, वाळत घालून लिहिते. (आजी, धुवावी लागतेच. — हर्षला) बघा, मध्ये मध्ये अशी बोलते. कोच खेळाडूवर गेला की खेळाडू कोचवर जातो कोण जाणे.

आता त्या रविवारच्या सामन्याचं. हर्षला कॉलेजच्या संघात बास्केटबॉल खेळते हे तुम्हाला मी सांगायला नको, पण हा खेळ आहे काय हे मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. तळ नसलेली टोपली उंच टांगायची, तिच्यात चेंडू टाकायचा आणि तो खालून पडला की नाचायचं. आमच्यात तळ गेलेली टोपली चुलीत जाते. पण पोर म्हणाली, "आजी, घरचा सामना हाय, पेणच्या पोरी येतायत, चल ना गं." मी कर्जतला गेले. सिमेंटच्या पायऱ्यांवर हे गुडघे मुडपेनात, तेव्हा त्यांच्या अझहर सरांनी, म्हणजे कोचनी, संघाच्या बाकावर पोरींच्या शेजारी मला खुर्ची टाकून दिली. माणूस सोन्याचा. नेरळहून सकाळी सहाला येऊन पोरींना पळवतो, घरून केळी आणतो. पुढचं सगळं त्या खुर्चीने केलं हे तेव्हा ना त्यांना कळलं ना मला.

सामना सुरू व्हायच्या आधी सरांनी मला स्पर्धेची सगळी मांडणी समजावली. दोन गट आहेत म्हणे, एक आपला घाटाखालचा आणि एक किनाऱ्याचा. किनाऱ्यावरच्या काही संघांनी पहिले तीन-तीन सामने जिंकलेत आणि जो तो म्हणतोय की यंदा किनारा भारी. सर म्हणाले, "आजी, ते आपसातल्या दुबळ्या संघांना हरवून मोठे झालेत. आपला गट कठीण, म्हणून आपले आकडे बारीक." मी मान हलवली. (मान हलवायला अक्षरं यावी लागत नाहीत.) पण मनात म्हटलं, सर, आषाढात सगळ्यांचीच रोपं हिरवी असतात. लावणी होऊ द्या, पाऊस दोन आठवडे दडी मारू द्या, खोडकिडा येऊन जाऊ द्या, मग बांधावर उभं राहून बोलू कोणाचं शेत भारी. नव्या सुनेचंही असंच. पहिल्या महिन्यात कुठल्या घरची सून वाईट असते? पण सर कागदावर बाण काढत होते, आणि बाण काढणाऱ्या माणसाला शेत दाखवू नये.

तेवढ्यात मैदानात पंच आले आणि मी पदर पुढे ओढला. राखाडी सदरा, काळी पँट, आणि पोट तर माझ्या ओळखीचं. जावईबापू, नेमलेले पंच आजारी पडले आणि तुम्हाला ऐनवेळी बोलावलं, तुम्ही तिथल्या तिथे सांगितलंत की निळ्या रंगाच्या सदऱ्यातली सात नंबरची माझ्या बायकोची भाची आहे, आणि ते म्हणाले, चालतंय हो, खेळवा. हे मला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की माझ्या पुतण्याच्या, कमळ्याच्या लग्नात रुसून गेलेला माझा जावई आठ महिन्यांनी आमच्या बाजूला आलाय. रुसला कशावरून? मी चार माणसांत म्हटलं होतं, शिट्टी फुंकून वारा बाहेर जायला हवा, यांच्या पोटात जातो कसा? म्हातारीची थट्टा ती. तेव्हापासून पळसदरीत तुम्ही पाण्याचा घोट घेतला नाही.

मग सुरू झाल्या तुमच्या शिट्ट्या. हर्षलेवर पहिला फाउल दिलात तेव्हा वाटलं पोर चुकली. दुसऱ्याला वाटलं पंच चुकला. तिसऱ्याला कळलं, पंच आत्याचा नवरा आहे. माझं काही म्हणणं नाही. पंगतीत वाढपी घरचा असला की आपल्या पोरांना शेवटी वाढतो, आणि वाढताना मटणाचा रस्साच वाढतो, लोकांनी नाव ठेवू नये म्हणून. आपलेच दात, आपलेच ओठ. पण पाच झाले की पोर बाहेर, आणि हाफ टाइमनंतर लगेच तिचे चार झाले होते.

आणि अझहर सर! केळी वाटणारा तो माणूस कुठे गेला देव जाणे. अंगात वारं शिरलं. आमच्या भगताच्या अंगात येतं तेव्हा निदान समोर नारळ असतो. इथे पाण्याची बाटली होती, तिला लाथ बसली आणि ती पेणच्या बाकापर्यंत गेली. वरून तुम्हाला ओरडून विचारलं, "शिट्टी घरची हाय का भाड्याची?" तुम्ही दोन हात जोडून इंग्रजी टी अक्षर केलंत. (अक्षर आहे हे हर्षला सांगते. मला वाटलं तुम्ही घराचं आढं दाखवताय.) हा पहिला टेक्निकल फाउल, म्हणजे गैरवागणुकीचा. मग बदली खेळाडू उमैमाने रागाने टॉवेल भिरकावला, तो दुसरा. बाकावरच्या माणसांनी केलं तरी ते कोचच्याच खात्यात जातं म्हणे, आणि असे तीन झाले की कोचने मैदान सोडायचं. घरातसुद्धा असंच असतं, पोरं भांडतात आणि बोलणी आईला.

शेवटची दोन मिनिटं उरली. दोन्हीकडे एक्केचाळीस. सरांचे थांबायचे सगळे टाइम आउट संपलेले. ऊन ऑक्टोबरचं, पोरींचे चेहरे कोकमासारखे, आमची हर्षला बरगडी धरून पळतेय. आणि माझ्यासमोरून तुम्ही धावत गेलात, घामाने निथळत, ओठ सुकलेले. जावईबापू, आमच्यात जावई गावच्या शिवेत आला की आधी पाणी, मग बोलणं. जावयाला तहानलेला ठेवणारं घर, त्या घराला उद्या कोण पोरी देईल? माझ्या हाताला सरांच्या माठाशेजारचा तांब्या लागला. तो भरला, पदर सारखा केला, आणि खाली मान घालून मी निघाले. जावयासमोर मान वर करून चालायची आमच्यात रीत नाही, त्यामुळे चेंडू कुठे, पोरी कुठे, काही दिसलं नाही. तुमचे बूट दिसले तिथे थांबले आणि तांब्या पुढे केला.

तुम्ही शिट्टी वाजवलीत. माझ्या तोंडापुढे. आणि म्हणालात, "आजी, बाहेर व्हा."

आजी! पंधरा वर्षं आई म्हणताय मला. फाउलचं मला तेवढं लागलं नाही.

मग तुम्ही परत ते आढं केलंत. मी खुर्चीवर बसलेली, खुर्ची बाकावरची, म्हणून मी संघाचं माणूस, म्हणून तिसरा टेक्निकल, म्हणून अझहर सर बाहेर. सर गेले नाहीत, ते नेले गेले. अगोदर त्यांनी गेटपाशी उभं राहून चार मिनिटं भाषण केलं, ते मी लिहायला सांगत नाही, रमजानमध्ये त्याची माफी ते स्वतः मागतील. अशा फाउलला समोरच्यांना एका गुणाचा एक मोकळा नेम मिळतो म्हणे, फ्री थ्रो; तो पेणच्या पोरीने टाकला, बेचाळीस झाले, आणि पुढे कोणाचीच टोपली लागली नाही. एका गुणाने हरलो. परत येताना रिक्षात हर्षला बाहेर तोंड करून बसली. पळसदरीच्या फाटकाशी उतरताना म्हणाली, "पाणी घरी पाजायचं असतं, आजी." (एवढंच बोलले होते. — हर्षला) तेवढंच पुरलं, बाय.

सोमवारी अझहर सर आले. सोबत एक कागद आणि शाईचा डबा. कागदात लिहिलंय की पंच माझा जावई, त्याचा माझ्यावर कमळ्याच्या लग्नापासून राग, आणि त्या रागाने त्याने मला मुद्दाम फाउल दिला. खाली माझा अंगठा हवा. गुरुवारी संध्याकाळी तो समितीपुढे जायचा. मानला गेला तर सामना पुन्हा होईल, पोरींचं पुढच्या फेरीचं दार उघडेल, आणि तुम्हाला पंचांच्या यादीतून काढतील. दोन वर्षं तरी शिट्टी नाही.

सर वाईट नाहीत हो. बोलताना डोळे भरले होते त्यांचे. म्हणाले, "आजी, पोरींनी चार महिने घाम गाळलाय." पण मला तुमची ती पंचाची परीक्षा आठवते, दोनदा नापास झालात, तिसऱ्यांदा पास झालात आणि पहिला पेढा सोनालीच्या आधी मला आणून दिलात. शिट्टी दाखवलीत. मी फुंकून बघितली होती, आठवतं? गाय दावं तोडून पळाली.

मग मी काय केलं, तर अंगठ्याला फडकं बांधलं. सांगितलं, विळा लागला. जखम बिखम काही नाही, आत अंगठा खणखणीत आहे. तीन दिवस मी डाव्या हाताने भाकरी थापते आणि भाकऱ्या हिंदुस्थानच्या नकाशासारख्या होतात. सर रोज स्कूटरवरून विचारपूस करायला येतात. काल मलम घेऊन आले, आज हळद. त्या माणसाला फसवताना मला जेवण गोड लागत नाही. हर्षला कागद धरून बसलीय, तिचं पेन मध्येच थांबतं ते मला कळतं. वाचता आलं नाही तरी थांबलेलं पेन दिसतं.

असो. माझं काही मागणं नाही. तुम्ही शहाणे आहात, नियम तुमच्या खिशात असतात. नातवंडांना मुके. सोनालीला सांगा, काकड्या कोवळ्या आहेत, सालं काढायची नाहीत. दमलेय, आता पुरे करते.

तुमच्या बायकोची आई,
पारूबाई

ता. क. — मागणं नाही म्हटलं, पण एक आहे. गुरुवारी सकाळी पळसदरीला या. अझहर सरांनाही बोलावलंय, मलम परत न्यायला. दोघांनी माझ्या ओटीवर बसायचं. रविवारचा तांब्या तसाच घासून ठेवलाय. तो तुम्ही तोंडाला लावल्याशिवाय माझा अंगठा बरा होणार नाही, आणि कशावर उमटायचं तेही त्याला सुचणार नाही.

ता. क. — काका, हे मी लिहितेय, आजीला वाचून दाखवणार नाही. चौथा फाउल बरोबर होता. माझं कोपर लागलं होतं. तिसराही असेल. सरांना सांगायची हिंमत होत नाही. — हर्षला

ता. क. — हे अक्षर उमैमाचं आहे, बोलणं माझंच, पारूबाईचं. हर्षला धुणं घेऊन गेली तेव्हा मी उमैमाला बोलावून पत्र पहिल्यापासून वाचून घेतलं. (ज्याला वाचता येत नाही त्याने वाचणारे दोन ठेवावेत.) पोरीची चोरी ऐकली. ती कोपराचं खरं बोलली, आता आजीने मागे राहू नये. उमैमाला अल्लाची शपथ घातलीय, ती कोणाला सांगणार नाही. तर ऐका. मान खाली होती हे खोटं. पदराच्या कडेने मला सगळं दिसत होतं. पेणची ती उंच पोरगी चेंडू घेऊन एकटी सुटली होती, आमची एकही तिच्या मागे नव्हती, आणि आपल्या पोरींना श्वास पुरत नव्हता. टाइम आउट संपलेत हे मला ठाऊक होतं. सर तासभर तेच ओरडत होते. ती पांढरी रेघ मी बघून ओलांडली. तहान तुम्हाला लागली होती, पण तांब्या मी त्या पोरीच्या वाटेत नेला. दोन गुण जायचे ते एकावर भागले. सरांच्या भाषणाने पोरींना चार मिनिटं दम मिळाला तो वेगळा.

तेव्हा तुमचा फाउल चोख होता, जावईबापू. असा चोख फाउल देणाऱ्याची शिट्टी काढून घेतात का कोणी? हे पान समितीला दाखवा. सामना गेला तर जाऊ दे, पोरींचं मी बघते, सरांना मी सांगते. शाई सरांच्याच डब्यातली आहे. फडकं सोडलंय, आणि खाली उमटलाय तो माझा उजवा अंगठा.

पाणी प्यायला मात्र यावंच लागेल. आणि येताना 'आई' म्हणत या.