गाळलेली ओळ

हिगाशी-कसाई, टोकियो
२४ सप्टेंबर २०२३

ती. जयमालाताईस,
धाकट्या चंद्रहासचा शि. सा. नमस्कार.

तुझं श्रवणयंत्र पुन्हा कपाटात गेल्याचं कळलं. फोनवर मी ओरडतो आणि शेजारचे तानाका-सान भिंतीवर टकटक करतात, तेव्हा पत्रच बरं. तुलाही हेच हवं होतं, हे मी ओळखून आहे.

काल मंडळाचा गणपती झाला. मेधाने दोनशे मोदक केले, त्यातले वीस फुटले आणि ते माझ्या ताटात आले. जेवताना विषय एकच. अमेरिकेच्या कोर्टाने जूनमध्ये निकाल दिला, की कॉलेजांनी प्रवेश देताना मुलांचा वंश बघायचा नाही. काळ्या मुलांना झुकतं माप मिळायचं, ते बंद. आपल्या लोकांचं म्हणणं, त्या मापाची भरपाई आशियाई मुलं करत होती. वरच्या मजल्यावरच्या सत्यजितने तर पेढेच वाटले. त्याच्या अनिशला एवढे मार्क असून गेल्या वर्षी चार कॉलेजांनी नाकारलं. पोरगं दोन महिने खोलीबाहेर आलं नव्हतं, त्यामुळे सत्यजितचा आनंद मला समजतो. मीही दोन शब्द बोललो.

आपल्या ईश्वरीचा अमेरिकेचा फॉर्म १ नोव्हेंबरपर्यंत जायचा आहे. वंश मोजायचा नाही, पण त्याने आयुष्यात काय फरक पडला, हे निबंधात लिहिलं तर चालतं म्हणे. सल्लागार बाई म्हणतात, नकोच तो विषय. बघू.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझा,
चंद्रहास


हिगाशी-कसाई
१ ऑक्टोबर २०२३

प्रिय आत्या,
सा. न. (हे बरोबर आहे ना?)

मला मराठी लिहायला वेळ लागतो, म्हणून वाक्यं छोटी आहेत. मागच्या वेळी तुम्ही माझं पत्र लाल पेनने तपासून परत पाठवलं होतं. या वेळी नको, प्लीज.

बाबा गणपतीत खूप छान बोलले. ते म्हणाले, माझ्या वडिलांचं छोटं दुकान होतं, गावची साधी शाळा होती, तरी मी कुठलीही सवलत घेतली नाही. खुल्या यादीतून, मार्कांवर पुण्याच्या इंजिनिअरिंगला गेलो. ईश्वरीलाही कुणाची मेहेरबानी नको. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण.

शाळेत माझी नाओमीशी भांडणं होतात. ती अमेरिकेची आहे, काळी आहे. ती म्हणाली, तुम्ही पेढे वाटता, पण ते माप का द्यावं लागलं हे कुणी विचारलं का? मग मी तिला बाबांची गोष्ट सांगितली. माझे बाबा करू शकले तर कुणीही करू शकतं, असं मी म्हणाले. ती गप्प झाली. मी जिंकले, पण तेव्हापासून ती डबा दुसरीकडे खाते.

आता मी निबंधात बाबांचीच गोष्ट लिहिते आहे. मी अकरा वर्षांची असताना आम्ही घर बघायला गेलो होतो. एजंट म्हणाला, परदेशी लोकांना घर देत नाही. बाबांना जपानी कळलं नाही. त्यांना ते मीच मराठीत सांगितलं. बाबा हसून म्हणाले, चल, दुसरं बघू. तेही मी लिहिलंय. मला त्यांच्या लहानपणाचं अजून सांगा ना. दुकान कसं होतं? प्रवेश मिळाला त्या दिवशी काय झालं?

माझ्यावर असंच प्रेम करा.
तुमची,
ईश्वरी


कराड
९ ऑक्टोबर २०२३

चि. ईश्वरीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्रात चुका चारच होत्या. लाल पेन उचललं नाही.

तुझं पत्र तीन दिवस उशाशी ठेवलं. तुझ्या बापाला आधी विचारावं असं वाटलं, पण विचारलं असतं तर हे पत्र तुला कधीच मिळालं नसतं. तू लिहिणार आहेस ते खोटं आहे, आणि त्यात तुझा दोष नाही.

दुकान नव्हतं. आठवड्याच्या बाजारात एक गोणपाट होतं, त्यावर सुपं, टोपल्या, रवळ्या. आपण बुरूड. अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, बांबू सोलून विणायचे आणि लोक पैसे त्यांच्या हातात न देता गोणपाटावर टाकायचे. चंद्रहास हुशार होता, पण बारावीला त्याच्या शाळेत वर्षभर गणिताला मास्तरच नव्हते. खुल्या यादीला त्याला सहा टक्के कमी पडले. राखीव यादीत पहिला आला.

त्यासाठी जातीचा दाखला लागायचा. अण्णा शाळेत गेलेले नव्हते, मग जातीची नोंद असलेला कागद कुठून आणायचा? मी तेव्हा चोवीस वर्षांची, शिक्षिकेच्या नोकरीच्या शोधात. अण्णा आणि मी नऊ वेळा कचेरीत गेलो. एक कारकून हसत म्हणाला, बुरूड कशावरून? अण्णांनी दोन्ही तळहात टेबलावर ठेवले. बोटांवर बांबूच्या चिरा होत्या, काही ताज्या. दहाव्या खेपेला दाखला मिळाला.

पहिल्या सहामाहीत चंद्रहासचे दोन विषय राहिले. शेवटच्या वर्षाला तो वर्गात तिसरा होता. ही मेहेरबानी नव्हती, बाळ. दार उघडलं गेलं, चालला तो स्वतःच्या पायांनी. पुढे माझी नोकरीही राखीव यादीतूनच लागली, आणि ते मी कधी लपवलं नाही.

आता काय लिहायचं ते तू ठरव. बापावर चिडू नकोस. अभ्यासाच्या नादात जेवण टाळू नकोस.
तुझ्यावर जीव असलेली,
आत्या


हिगाशी-कसाई
१७ ऑक्टोबर २०२३

ताई,

नमस्कार लिहायचं मन होत नाही. तू मला न विचारता हे केलंस.

काल ईश्वरीने तुझं पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि जपानीत काहीतरी म्हणाली. माझ्यावर चिडली की ती जपानीत जाते. मेधा म्हणाली, हे तूच सांगायला हवं होतंस, मी लग्नापासून सांगतेय. म्हणजे घरात मी एकटाच.

पुण्यातली माझी पहिली नोकरी तुला ठाऊक नाही. तिथे सगळ्यांना कळलं होतं. माझी चूक झाली की कोटा, बरोबर आलं की नशीब. तीन वर्षं मी एकही काम कुणाला पुन्हा तपासायची वेळ येऊ दिली नाही, तरी ते तपासायचेच. इथे चौदा वर्षं कुणी तपासलं नाही. इथे मी फक्त चंद्रहास-सान आहे. तेवढंच मी जपलं. त्यात कुणाचं काय गेलं?

चंद्रहास


कराड
२५ ऑक्टोबर २०२३

चि. चंद्रहास,
तू रागात असलास तरी आशीर्वाद तेच.

पुण्याचं मला कधी सांगितलं नाहीस. तेव्हा कळलं असतं तर त्यांच्या हापिसात येऊन बसले असते. तुला माझा स्वभाव माहीत आहे, म्हणूनच सांगितलं नसशील.

तू लपलास याचा मला राग नाही. मार खाल्लेला माणूस लपतोच. पण लपणं वेगळं, आणि टाळ्या घेत दुसऱ्याला दार बंद करणं वेगळं. तिकडच्या काळ्या मुलांचं मला फार कळत नाही. सत्यजितच्या मुलावर अन्याय झाला असेल, तेही मला नाकारायचं नाही. पण तुझं भाषण ऐकून तुझ्या मुलीने आपल्या मैत्रिणीचं तोंड बंद केलं. कुणाचं काय गेलं म्हणतोस ना? हे गेलं.

तिचा निबंध वाच. आणि मग गप्प बस, म्हणजे ती बोलेल.
मोठी आहे, म्हणून बोलले. माया आटलेली नाही.
ताई


हिगाशी-कसाई
३ नोव्हेंबर २०२३

ती. ताईस,
चंद्रहासचा शि. सा. नमस्कार. मागच्या पत्रात राहिलेलाही यातच घे.

तुझं पत्र काल मिळालं. दोन दिवस आधी मिळालं असतं तर, असं म्हणणार होतो. पण खरं सांगतो, तरीही मी हेच केलं असतं.

ईश्वरीने निबंध पहिल्यापासून नवा लिहिला. तो एजंट, कचेरीतला कारकून, अण्णांचे हात, सगळं होतं. नाओमीला जे सांगितलं त्याबद्दल तिने लिहिलं होतं, की मी खोट्या गोष्टीवर जिंकले. आणि मधे एक ओळ होती: आम्ही बुरूड आहोत, माझे वडील राखीव जागेवर शिकले. एकतीस तारखेला तिने मला वाचायला दिला. वाचताना माझे डोळे भरून आले आणि मी तिला म्हटलं, फार सुंदर आहे, फक्त ही एक ओळ काढ. मंडळाच्या अंकात मुलांचे निबंध छापतात, उद्या सगळ्यांच्या हातात जाईल.

मला वाटलं ती भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती ठीक आहे बाबा म्हणाली आणि तिथल्या तिथे ओळ पुसली. मग अण्णाही गेले, कारकूनही गेला, कारण त्या ओळीशिवाय त्यांना अर्थच उरत नव्हता. फक्त एजंट राहिला. तिने फॉर्म पाठवून दिला.

काल ती आणि मी खालून येत होतो. लिफ्टमध्ये सत्यजित भेटला. त्याने प्रेमाने विचारलं, निबंधात काय लिहिलंस गं? ती म्हणाली, काका, बाबांचीच गोष्ट लिहिली, ते कुठलीही सवलत न घेता कसे शिकले ती. आणि हसली. ताई, ते हसू माझं होतं. एजंटने नाही म्हटल्यावर मी हसलो होतो ते. सत्यजितने तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, बापाचं नाव काढशील.

लिफ्टमध्ये आम्ही तिघंच होतो. आमचं घर सातव्या मजल्यावर, म्हणजे बोलायला वेळ भरपूर होता. मी मजल्यांचे आकडे बघत उभा राहिलो. ती माझ्याकडे बघत होती, पहिल्यापासून सातव्यापर्यंत.

तिला तू काही लिहू नकोस. हे मलाच बोलायला हवं, आणि ती आता माझ्याशी फार नीट वागते आहे. विचारलं की हसून उत्तर देते, आणि तेही मराठीत.

तुझी माया आटली नाही म्हणालीस, त्यावरच आहे.
चंद्रहास