दोघांची खाट

३ जानेवारी
ठरलं. या वर्षीही हिवाळी सुट्टीत लॅपलँड. तीच झोपडी, मी आणि राकेल. बावीस वर्षांत खंड नाही, आता का पडावा? राकेल ऑक्टोबरपासून लाहतीला बहिणीकडे आहे. तात्पुरती. स्की आणि स्लीपिंग बॅग सोडून सामान सगळं नेलंय, पण तिला मोजकं पॅकिंग कधी जमलं?
संकल्प: पोट चार किलो कमी करणे. रोज एक तास स्कीइंग.

४ जानेवारी
गुडघा दुखतोय. उद्यापासून.

९ जानेवारी
राकेलला मेसेज केला. पंधरा फेब्रुवारीची ट्रेन, दोन तिकिटं काढतोय. उत्तर नाही. म्हणजे हो. आमच्याकडे नाही म्हणायचं असेल तरच तोंड उघडतात. लग्नाचं विचारलं तेव्हाही ती गप्पच बसली होती. मी उठून सॉना तापवायला गेलो. झालं लग्न.

१८ जानेवारी
वजन दीड किलोने वाढलं. लोकरीचे मोजे घालून उभा होतो, त्याचं असणार. राकेलच्या स्कींना मेण लावलं. माझ्या राहिल्या.

२ फेब्रुवारी
मुलगी आली होती, साइमी. वाटाण्याचं सूप दोन वाट्या प्यायली आणि म्हणाली, "बाबा, आई येणार नाहीये." मी विचारलं, असं ती बोलली का? बोलली नाही म्हणे. मग झालं तर! त्यावर साइमी म्हणाली, "तू तिला कधी विचारलंस का? तू नुसतं कळवतोस." पोरीला संसारातलं काय कळतंय. अजून लहान आहे. चौतीस.

१६ फेब्रुवारी, सकाळ, ट्रेनमध्ये
समोरचा बर्थ रिकामा. राकेल बसने येत असणार. ट्रेनमध्ये तिला झोप लागत नाही. निदान मला तसं वाटतं. तिने कधी सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी
उणे सव्वीस. बारा किलोमीटरला सात तास लागले. दोघांचं सामान होतं ना, बर्फावरून ओढायची स्लेज जड. झोपडी रिकामी मिळाली. खालच्या रुंद खाटेवर राकेलची स्लीपिंग बॅग पसरून जागा धरली. अशा सगळ्यांसाठी उघड्या झोपडीत जागा धरत नाहीत, शेवटी येणाऱ्याचा हक्क पहिला, हे मला माहीत आहे. पण शेवटी येणारी तीच आहे.

१८ फेब्रुवारी
दुपारी एक म्हातारा आला. ऊला, इथलाच, रेनडिअरवाला. खाट द्यावी लागणार म्हणून मी आधीच सांगून टाकलं की मी काल आलो, बायको मागून येतेय. त्याने कॉफी ठेवली, खिडकीतून बाहेर बघितलं.
"कालपासून येतेय होय? बाई चालतेय तरी कशी?"
मी म्हटलं, ती सावकाश चालते. त्याने जमिनीवर अंथरूण घातलं. बिचारा. खाट देता आली असती, पण शब्द दिला होता. कुणाला, ते आठवेना.

१९ फेब्रुवारी
ऊला सकाळी गेला. जाताना झोपडीची वही पुढे केली. येणाऱ्याने नाव आणि माणसं किती ते लिहायचं असतं. सवयीने 'दोन' लिहिलं. मग जुनी पानं चाळली. सप्टेंबरमध्ये राकेलचं अक्षर. मला काही न सांगता आली होती. घर सोडायच्या आधी. तेव्हा मला बहिणीकडे चालले म्हणाली होती.
'राकेल. माणसं: एक. बावीस हिवाळे इथे आले. मला थंडी सोसत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. या वेळी एकटी आले, आणि जागा पहिल्यांदाच आवडली.'
तीनदा वाचलं. रडलो. बरंच रडलो, ऐकायला कुणी नव्हतं.
मग 'दोन' खोडून 'एक' लिहिलं. फोनला रेंज नाही. असती तरी काय विचारणार होतो, ते अजून सुचलेलं नाही.